कवकशास्त्रज्ञ सर एडविन बटलर आणि त्यांचे हिंदी सहकारी

आपल्या कोकणात असे घर विरळा, की ज्याच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू वाढलेले नाही. आषाढ-श्रावणात त्याची पाने सुपाएवढी होतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत, पावसाची झड लागली म्हणजे, एखाद्या पानावर पाण्याने भिजल्यासारखा काळसर डाग उमटतो. दोन-तीन दिवसांत तो रुपयाएवढा होतो, त्यात एकात एक अशी वर्तुळे दिसू लागतात, त्यावर पिवळसर द्रवाचे थेंब जमतात, आणि पाहता पाहता ते सबंध पान चिंधीसारखे लोंबू लागते. घरातील माणसे म्हणतात, "पावसाने कुजले." पावसाचे निमित्त आहे हे खरे, परंतु निमित्त वेगळे आणि कारण वेगळे. ते कारण ज्या दोघा गृहस्थांनी बारकाईने तपासून १९१३ साली हिंदुस्थान सरकारच्या शेतकी खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले, त्यांपैकी एक आयर्लंडात जन्मलेले डॉक्टर एडविन बटलर हे होते, आणि दुसरे आपल्या मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात काम करणारे जी. एस. कुलकर्णी हे होते. प्रस्तुत लेख मुख्यतः बटलरसाहेबांविषयी आहे. तथापि कुलकर्ण्यांच्या कामाची हकिगत आम्ही मुद्दाम विस्ताराने देणार आहो. कारण पुस्तकांत पहिल्याचे नाव कधी तरी आढळते, दुसऱ्याचे बहुधा आढळत नाही.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यात, किल्की या समुद्रकाठच्या गावी झाला. हा परगणा व ही जन्मसाल विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहेत. आयर्लंडातील गरीब कुळांचे सारे पोट बटाट्यावर चाले. १८४५ साली तेथील बटाट्यावर एक रोग पडला. पाने काळी पडली, जमिनीतले बटाटे खणून काढावे तो त्यांचा दुर्गंधी चिखल झालेला. पुढील काही वर्षे हेच चालू राहिले, आणि उपासमार व तिच्यामागून आलेले ताप यांनी सुमारे दहा लक्ष माणसे मेली. तितकीच देश सोडून अमेरिका व इतर देशांस गेली. क्लेअर परगण्याला या दुष्काळाची झळ फार मोठी लागली होती. बटलर जन्मले तेव्हा त्या गोष्टीला पुरी तीस वर्षेही झाली नव्हती. म्हणजे गावातील पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांनी तो काळ डोळ्यांनी पाहिलेला होता.

या रोगाचे कारण काय, याविषयी त्या वेळी विद्वानांतही मोठा वाद माजला. कोणी थंड हवेला दोष दिला, कोणी आगगाडीच्या धुराला, कोणी हा केवळ दैवी कोप मानला. जुन्या करारात पिकांवरील तांबेऱ्याचा उल्लेख टोळधाड व अवर्षण यांच्या पंक्तीस येतो, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. शलमोन राजाच्या मंदिरार्पणाच्या प्रार्थनेतही तो आहे. अशा वेळी इंग्लंडातील एका खेड्यातले धर्मोपदेशक, रेव्हरंड माइल्स बर्कली, हे आपली उपासना आटोपून सूक्ष्मदर्शक यंत्राशी बसत आणि काळ्या पडलेल्या पानांवरील पांढरी लव तपासत. १८४६ साली त्यांनी स्पष्ट लिहिले की, ही लव कुजल्यामुळे आलेली नाही. हिच्यामुळे पान कुजले आहे. लोकांनी हे उलटे मानले. पुढे १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी निरोगी झाडावर त्या लवेची बीजुके मुद्दाम घालून रोग उत्पन्न करून दाखविला, तेव्हा वाद मिटला. आमच्या मते, 'कुजल्यामुळे बुरशी की बुरशीमुळे कुजणे' हा एकच प्रश्न ज्यास नीट उमगला, त्यास बटलरसाहेबांच्या आयुष्यातील सारे काम समजण्यास अडचण पडणार नाही.

येथे थोडा धडा देणे अवश्य आहे. बुरशी, अळंबी, तांबेरा, काणी, भुरी ही सर्व एकाच मोठ्या गोत्राची मंडळी असून शास्त्रात त्यांस कवक म्हणतात. पूर्वी त्यांची गणना वनस्पतींत होई. हल्ली त्यांचे स्वतंत्र राज्य मानतात. त्यांच्या अंगी हरितद्रव्य नसल्यामुळे सूर्यप्रकाशात अन्न तयार करणे त्यांस साधत नाही. म्हणून कोणी मेलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगतात, तर कोणी जिवंत झाडाच्या अंगात शिरून त्याचे अन्न खातात. त्यांचे खरे शरीर म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. पहिल्या पावसानंतर वारुळावर जी पांढरी अळंबी उगवते व जिच्यासाठी आपण पहाटे रानात धावतो, ती त्या कवकाचे केवळ फळ होय. तंतूंचा पसारा आत वाळवीच्या घरात असतो, आणि वाळवी त्याची जोपासना माळ्याप्रमाणे करते. (अळंबीची पूर्ण ओळख असल्याविना ती कोणीही घरी आणू नये, विषारी जाती दिसण्यात गरीब असतात.) कवकांना बी नसते; त्यांची बीजुके धुळीहून सूक्ष्म असतात आणि वाऱ्याने, पाण्याने, अवजारांनी व बियाण्याबरोबर प्रवास करतात. सर्वच कवके शत्रू आहेत असेही नाही. पाव फुगविणारे किण्व कवकच आहे, आणि ज्याने लक्षावधी रोगी वाचले ते पेनिसिलिन एका हिरव्या बुरशीपासूनच मिळते. आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन १९५५ साली सुरू झाले.

बटलर यांनी कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८९८ साली ते डॉक्टर झाले. परंतु त्याच कॉलेजात मार्कस हार्टॉग नावाचे सृष्टिशास्त्राचे अध्यापक होते. पाण्यात मरून पडलेल्या माशीवर जी कापसासारखी बुरशी येते, तिचा हार्टॉग यांना व्यासंग होता. आणि गुरूचा नाद शिष्यास लागला. डॉक्टरकीची पदवी पदरात असताना बटलर पॅरिसला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकू लागले व पिथियम नावाच्या, ओल्या मातीत राहून कोवळी रोपे कोलमडविणाऱ्या कवकावर त्यांनी संशोधन आरंभिले. वडीलधाऱ्या मंडळींस हे कसे वाटले असेल याची कल्पना पालकवाचकांनी करावी! माणसांची नाडी पाहण्याचा प्रतिष्ठित धंदा सोडून मुलगा चिखलातील बुरशीच्या मागे लागला होता.

१९०१ साली इंग्लंडातील क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पतिउद्यानाच्या शिफारशीने त्यांची नेमणूक हिंदुस्थान सरकारने कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात केली. त्यांच्या पूर्वी कनिंगहॅम, बार्क्ले अशा वैद्यकीय खात्यातील डॉक्टरांनी आपली नोकरी सांभाळून येथील कवकांचा अभ्यास केला होता. पण केवळ याच विषयासाठी नेमलेले बटलर हे पहिलेच अधिकारी. पुढच्याच वर्षी त्यांस डेहराडूनला हलविण्यात आले, आणि मग बिहारात पुसा येथे नवी शेतकी संशोधनसंस्था उभी राहिली तेव्हा ते तेथे गेले. या संस्थेची गोष्ट मोठी मौजेची आहे. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाने लॉर्ड कर्झन यांस लोकोपयोगी कामासाठी ३०,००० पौंडांची देणगी दिली आणि तिचा मोठा भाग या संस्थेस लागला; १९०५ च्या एप्रिलात तिची कोनशिला बसली. १९३४ च्या बिहार भूकंपात ती इमारत मोडली, आणि १९३६ साली संस्था दिल्लीस आली. दिल्लीत आजही लोक त्या भागास पुसा म्हणतात, ते त्या बिहारी खेड्याच्या नावावरून.

एवढ्या मोठ्या देशातील पिकांच्या रोगांविषयी विचारणा झाली म्हणजे ती बटलरसाहेबांच्या टेबलावर येई. ऊस आतून लाल होऊन आंबतो, त्या रोगाचे वर्णन त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध केले आणि रोग मुख्यतः बेण्याबरोबर पसरतो हे दाखविले. उपाय साधा होता: बेणे तोडताना कांडीचा काप पाहावा आणि आत तांबूस दिसल्यास ती लावू नये. यास पैसा लागत नाही, डोळे लागतात.

गोदावरीच्या मुखाजवळच्या प्रदेशात ताडाची झाडे शेंड्यातून कुजून मरत होती. ताड म्हणजे तेथील गरिबांचा आधार. रस, गूळ, पाने, लाकूड, सर्व काही त्यातून. बटलर यांनी रोगाचे कारण असलेले कवक शोधून त्याचे नामकरण केले, आणि रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळण्याची मोहीम त्यांच्या सल्ल्याने सरकारने चालविली. एका जिवंत दिसणाऱ्या झाडाचा शेंडा उतरविण्यास मालक सुखासुखी कबूल होत नाही, हे कोकणातील माड-पोफळीच्या बागायतदारास सांगावयास नको. पण शेंडा एकदा कुजू लागला की ताड वाचत नाही, आणि तो उभा ठेवावा तर शेजारचेही जातात.

पोफळीवरून आठवण झाली. आपल्या सुपारीच्या बागांत पावसाळ्यात हिरवी फळे कुजून गळतात, तो कोळेरोग याच गोत्रातला. त्याचा पद्धतशीर अभ्यास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन नावाच्या कॅनडियन शास्त्रज्ञाने करून १९१० साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी कर्नाटकातील बागायतदार घडांवर गवताच्या टोप्या बांधीत. कोलमन यांनी बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचा उपाय रुळविला. हे मिश्रण मोरचूद व चुना यांचे असते. फ्रान्सात बोर्डो शहराभोवती वाटेवरच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून हा निळा रंग शिंपडीत. त्या वेलींवर रोग पडत नाही, असे मिलार्दे नावाच्या अध्यापकाच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्याने ते जगजाहीर केले. आजही कोकणात १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी या प्रमाणाचे मिश्रण पावसापूर्वी पोफळीच्या घडांवर फवारतात व पुढे महिना-दीड महिन्याने पुन्हा फवारतात. चोरांसाठी काढलेली युक्ती अशी बुरशीला लागू पडली!

बटलरसाहेबांच्या कामातील आम्हांस सर्वांत आवडणारा भाग म्हणजे तुरीच्या मर रोगाचा शोध. घाटावर व विदर्भात हा रोग शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा आहे. फुलाशेंगांनी भरलेले झाड एकाएकी माना टाकते. बुंधा सोलून पाहिला तर आत काळपट पट्टा दिसतो. अशा वाळलेल्या मुळांवर लाल रंगाचे बारीक ठिपके असलेले एक कवक वारंवार सापडे, आणि अमेरिकेतील नामांकित शास्त्रज्ञांनी त्याच जातीच्या कवकास कपाशी वगैरे पिकांच्या मर रोगासाठी जबाबदार धरले होते. मृत देहाजवळ जो उभा दिसतो तोच खुनी, असे कोणासही वाटावे. बटलर यांनी मात्र ते कवक वेगळे वाढवून निरोगी तुरीच्या मुळाशी घातले. तुरीस काही झाले नाही. मग झाडाच्या जिवंत शिरांत सापडणारे दुसरे, दिसण्यात क्षुल्लक असे कवक घातले, आणि झाडे मेली. पहिले कवक केवळ मेलेल्या मुळावर पोट भरणारे होते. दुसऱ्यास त्यांनी फ्युझेरियम उडम असे नाव दिले व १९१० साली सर्व प्रयोग छापले. हे कवक जमिनीत तुरीच्या धसकटांवर वर्षानुवर्षे टिकून राहते, म्हणून औषध मारून भागत नाही. पिकाची फेरपालट करावी लागते आणि रोगास दाद न देणारे वाण निवडावे लागते. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर कमी होतो, असेही पुढील काळातील प्रयोगांनी ठरले आहे.

आणखी एक उदाहरण थोडक्यात देतो. पूर्व बंगालात भातावर उफ्रा नावाचा रोग पडत असे. बटलर तेथे गेले ते कवक शोधण्यासाठी. पण त्यांस सापडली सूत्रकृमीची, म्हणजे दोऱ्यासारख्या सूक्ष्म जंताची, एक जात. १९१३ साली त्यांनी तसेच लिहिले. कवकशास्त्रज्ञाने 'येथे कवकाचा दोष नाही' असे लिहून देणे यात केवढी सचोटी आहे, हे पाहावे.

आता त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांकडे वळू. पुसा येथे त्यांच्या हाताखाली तयार झालेले जहांगीर फरदुनजी दस्तूर यांनी एरंडीवरील एका नव्या कवकाचे १९१३ साली वर्णन केले. ते नाव आज जगभर टोमॅटो, तंबाखू, संत्री यांच्या रोगांच्या पुस्तकांत येते. दस्तूर पुढे मध्यप्रांतात नागपूर येथे कवकशास्त्रज्ञ झाले आणि पानवेलींच्या रोगांवर त्यांनी परिश्रम केले.

जी. एस. कुलकर्णी यांचा विषय ज्वारी. ज्वारी हे घाटावरचे पीक. आपल्याकडे भात व नाचणी. तरीही मराठी मुलखाचे पोट ज्वारीवर किती चालत आले आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्वारी व बाजरी या दोन्ही पिकांवर एक रोग पडतो. पाने पिवळी-पांढुरकी होतात, म्हणून शेतकरी त्यास केवडा म्हणतात. बाजरीत कणसाच्या जागी पुष्कळदा दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा जटेसारखा झुबका येतो. त्यास शेतकऱ्यांनी दिलेले नाव 'गोसावी'. ज्वारीत पाने फाटून त्यांच्या चिंध्या होतात आणि ताट वांझ राहते. दोन्ही पिकांवर पानाच्या खालच्या बाजूस सारखीच पांढरी लव दिसते. बटलर यांनी १९०७ साली या रोगांविषयी लिहिले तेव्हा दोहोंचे कारण एकच कवक मानले होते, आणि लक्षणे पाहता ते वावगेही नव्हते.

कुलकर्ण्यांनी ज्वारीवरची लव वेगळी घेऊन तपासली. ही बीजुके रात्री दव पडल्यावर पानावर तयार होतात आणि ऊन चढताच सुकून नाहीशी होतात, म्हणून त्यांचा अभ्यास करणाऱ्यास पहाटेच्या आधी उठणे भाग असते. बाजरीवरचे बीजुक पाण्याच्या थेंबात टाकले की फुटते आणि त्यातून पोहणारे सूक्ष्म जीव बाहेर पडतात. ज्वारीवरचे बीजुक असे करीत नाही. बी रुजावे त्याप्रमाणे ते सरळ एक कोंब काढते. हा फरक कुलकर्ण्यांनी १९१३ साली, अळवावरील निबंध ज्या ग्रंथमालेत निघाला तिच्यातच, प्रसिद्ध केला आणि ज्वारीवरील कवकास निराळा उपप्रकार म्हणून वेगळे नाव दिले. ज्या विषयावर वरिष्ठांनी सहा वर्षांपूर्वी आपले मत छापलेले आहे, त्याच विषयावर, त्यांच्याच खात्याच्या ग्रंथमालेत, इलाख्यातील एका हिंदी सहकाऱ्याने वेगळी गोष्ट लिहिली, आणि ती छापली गेली. यात लिहिणाऱ्याचे धैर्य आहे आणि छापणाऱ्यांचे मोठेपणही.

या कोंबाचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. महत्त्व असे की, दोन्ही कवके भिन्न असतील तर बाजरीचे गोसावी उपटून ज्वारीचा केवडा जाणार नाही. शेतकऱ्याची मजुरी व्यर्थ जाईल. १९३२ साली अमेरिकेतील वेस्टन आणि मुंबई इलाख्याचे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ बी. एन. उप्पल या दोघांनी कुलकर्ण्यांच्या उपप्रकारास पूर्ण स्वतंत्र जातीचा दर्जा दिला, आणि १९७८ साली तिची रवानगी निराळ्या प्रजातीतच झाली. हा रोग मक्यावरही पडतो. १९६१ साली तो अमेरिकेत टेक्सास संस्थानात आढळला, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांस त्याची मुळे शोधीत जुन्या हिंदी निबंधांकडे यावे लागले.

कुलकर्ण्यांनी १९१८ साली ज्वारीच्या काणीवरही पुस्तिका लिहिली. काणी म्हणजे दाण्याच्या ठिकाणी काळी भुकटी. सर्व काण्या शेतकऱ्याच्या डोळ्यांस सारख्या दिसतात, पण त्यांचे मार्ग भिन्न आहेत. दाणे काणीची भुकटी मळणीत चांगल्या दाण्यांस चिकटते आणि पुढच्या वर्षी बियाण्याबरोबर शेतात जाते. म्हणून बियाणे मोरचुदाच्या पाण्यातून काढले, किंवा पुढील काळातील पद्धतीप्रमाणे किलोमागे ४ ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळली, की ती टळते. इतका स्वस्त उपाय शेतीत दुसरा क्वचितच असेल. उलट झिपरी काणी, जिच्यात सबंध कणसाची भुकटी होऊन नुसते दोरे उरतात, ती जमिनीतून येते. तिला बियाण्यावरील गंधक आवरू शकत नाही, रोगट कणसे फुटण्याआधी पिशवीत काढून जाळावी लागतात. एकाच नावाच्या दोन रोगांना दोन उपाय, हे सूक्ष्मदर्शक यंत्राविना कोणास कळले असते?

१९१८ साली बटलर यांनी हिंदुस्थानातील सतरा वर्षांच्या अनुभवाचे सार एका मोठ्या इंग्रजी ग्रंथात घातले. कवके व वनस्पतींचे रोग या विषयावरचा हा ग्रंथ येथल्या पिकांस धरून लिहिलेला असल्यामुळे हिंदी विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. १९२० साली क्यू येथे साम्राज्याची कवकशास्त्रसंस्था निघाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून ते इंग्लंडास परत गेले. जगात कोठेही पिकांच्या रोगावर काही छापले गेले की त्याचा गोषवारा देणारे मासिक त्यांनी १९२२ पासून चालविले. दूरच्या शेतकी केंद्रात एकट्याने काम करणाऱ्या माणसास याचा आधार केवढा, हे ज्याच्यापाशी ग्रंथालय नाही त्यालाच कळेल. १९२६ साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. बिस्बी यांच्या साह्याने हिंदुस्थानातील ज्ञात कवकांची यादी त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केली. तीत दोन हजारांहून अधिक जाती आहेत. १९३९ साली त्यांस 'सर' हा किताब मिळाला, आणि ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे मेली. १९४२ च्या हंगामात तेथील भातावर तपकिरी ठिपक्यांचा कवकजन्य रोग फार मोठ्या प्रमाणात पडला होता, हे भातसंशोधक पद्मनाभन यांनी पुढे १९७३ साली आकड्यांनिशी मांडले. दुष्काळाची कारणे अनेक. युद्ध होते, धान्याचे भाव भडकले होते, सरकारी धोरण चुकले होते, आणि रोगाचा वाटा त्यात किती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आयर्लंडातही धान्य परदेशी जात असताना माणसे मेली होती. रोग पिकावर पडतो. उपासमार कोणावर पडावी, हे पुष्कळदा माणसे ठरवितात.

शास्त्र कसे बदलते, याची एक गंमत येथे नोंदविली पाहिजे. हार्टॉग यांच्या माशीवरील बुरशी, बटलर यांचे पहिले प्रेम ते पिथियम, ताडाच्या शेंड्याचा रोग, सुपारीचा कोळेरोग, केवडा आणि आपल्या अळवाचा डाग, या सर्वांना कारण होणारे जीव हल्लीच्या वर्गीकरणात खऱ्या कवकांत मोडतच नाहीत. त्यांच्या पेशीची भिंत निराळ्या द्रव्याची असते, आणि त्यांचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी अधिक जवळचे ठरले आहे. हिंदी कवकशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांचे अर्धे कवक अशा रीतीने घराबाहेर गेले! त्यामुळे त्यांच्या निरीक्षणांस बाध येत नाही. नुसती पाटी बदलली.

ज्या विद्यार्थ्यांस हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात अळवाचे ताजा डाग पडलेले पान आणावे, ताटलीत ओल्या टीपकागदावर ठेवून दुसऱ्या ताटलीने झाकावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डागाच्या कडेवर पाहावे. पांढरी लव दिसेल. ती सुईच्या टोकाने काचपट्टीवर थंड पाण्याच्या थेंबात घ्यावी आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरावी; लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतील, आणि धीर धरून बसल्यास त्या पिशव्यांतून पोहणारे जीव बाहेर पडताना सापडतील. पावसाचा थेंब उडाला की रोग एका पानावरून दुसऱ्यावर कसा जातो, याचे उत्तर त्या पोहण्यात आहे. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांत हाच रोग १९९३ साली शिरला आणि परदेशी जाणाऱ्या अळकुड्यांचा तेथील व्यापार बुडाला.

बटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेले नमुने पुसाहून दिल्लीस नेण्यात आले. वाळलेली पाने, कणसे व मुळे कागदी पाकिटांत घालून, प्रत्येकावर गाव, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहून ती तेथे जपून ठेवलेली आहेत. महाराष्ट्रातील असा संग्रह पुण्यास आघारकर संशोधनसंस्थेत आहे. ही संस्था १९४६ साली स्थापन झाली, आणि तिचे पहिले संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे, म्हणजे त्या काळच्या आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचे. तेथील कवकसंग्रहास ज्वारीच्या चिकटा रोगाचा अभ्यास करणारे अध्यापक श्री. ल. आजरेकर यांचे नाव दिलेले आहे. सह्याद्रीच्या रानांतून आणलेली नवी पाकिटे त्यात अजून पडत असतात.